आधी परतीची गाडी, मग खोली: विदर्भाच्या खेड्यांत फिरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना घाटंजी तालुक्यातल्या एका गावी सर्वेक्षणाला गेले होते. दिवस शनिवारचा. गावात जाणारी एसटी सकाळी मिळाली, संध्याकाळची परतीची गाडी पाचला असते असं कुणीतरी सांगितलं होतं. ती पाचची गाडी शाळेच्या मुलांसाठी होती आणि शनिवारी शाळा सकाळची, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. गाडी दुपारीच येऊन गेली होती. फाट्यावर दीड तास उभी राहिले तेव्हा एका आजीनं हाक दिली, "काहून व माय, अशी उभी? गाडी त कवाचीच गेली." त्या रात्री तिच्या ओसरीत बाजेवर झोपले. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि घरभर चौकशी करणारी तिची नातवंडं. सकाळी पैसे द्यायला गेले तर तिनं हात झिडकारला.

पुढची काही वर्षं मी अशीच गावोगाव फिरले, कधी अभ्यासासाठी, कधी परीक्षेसाठी, कधी नुसतं पाहायला. आमच्या भागात स्वस्त मुक्काम मोबाइलच्या ॲपवर फारसा सापडत नाही. जिल्ह्याच्या गावाबाहेर पडलं की ॲपवर एकतर काहीच दिसत नाही, नाहीतर जंगलाकडेची महागडी रिसॉर्टं दिसतात. इथला मुक्काम गाडीच्या वेळेवर आणि दोन फोनवर ठरतो. पहिल्यांदाच बाहेर पडणाऱ्यांनी तो कसा ठरवावा, ते क्रमानं सांगते.

१. पाहायचं गाव आणि मुक्कामाचं गाव वेगळं ठेवा

नवीन माणूस जे पाहायचं तिथंच खोली शोधतो. तिथं खोली नसते, आणि असली तर महाग असते. त्यापेक्षा जिथं बसस्थानक मोठं आहे, खानावळी आहेत, दवाखाना आहे अशा गावी सामान ठेवावं आणि दिवसा फिरावं. मेळघाटासाठी परतवाडा, लोणारसाठी मेहकर, नागझिरा-नवेगावबांधासाठी साकोली, भामरागडच्या वाटेवर आलापल्ली. चिखलदऱ्याला पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी खोल्यांचे भाव चढतात, तेव्हा परतवाड्याला उतरून सकाळच्या गाडीनं वर जाणं विद्यार्थ्याच्या खिशाला परवडतं.

मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरची गावं मुक्कामाला सोयीची, कारण तिथं पोहोचायचा खर्चच कमी. शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, धामणगाव, पुलगाव, वर्धा ही सगळी त्याच रुळावर आहेत. तिकीट काढताना नावं मात्र नीट बघा. अमरावतीला जायचं असेल आणि थेट गाडी नसेल तर बडनेऱ्याला उतरून पुढे जायचं. वर्धा आणि सेवाग्राम ही दोन वेगळी स्थानकं आहेत. मुंबईकडून येणाऱ्या गाड्या वर्ध्याला थांबतात, दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या सेवाग्रामला. अमरावती जिल्ह्यात चांदूर रेल्वे वेगळं, चांदूर बाजार वेगळं. देसाईगंजचं रेल्वे स्थानक वडसा नावानं आहे. मोझरी आणि मोर्शी यांची गल्लत तर आमच्या कॉलेजातल्या मुलांनीही केलेली आहे, आणि ती चूक रात्री आठ वाजता कळली की फार महाग पडते.

२. शेवटची गाडी विचारा, तीही तीनदा

ही पायरी मी सगळ्यांत महत्त्वाची मानते. बसस्थानकावर उतरलात की आधी चहा नको, आधी चौकशीची खिडकी. विचारायचं असं: अमक्या गावाहून परतीची शेवटची गाडी किती वाजता? ती रोज असते की शाळेच्या दिवशीच? आणि ती गावात येते की फाट्यावरूनच जाते? तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. फाट्यापासून गाव चार-पाच किलोमीटर आत असलं तर अंधारात पाठीवर पिशवी घेऊन ती वाट तुडवावी लागते.

मानव विकास या सरकारी योजनेतल्या एसटी गाड्या शाळकरी मुलींसाठी आहेत आणि शाळेच्या वेळेवर चालतात. सुट्टीत, रविवारी, परीक्षेच्या दिवसांत त्यांचा भरवसा धरू नका. खिडकीवर मिळालेलं उत्तर त्याच मार्गावरच्या वाहकाला विचारून पडताळा आणि गावात उतरल्यावर पानटपरीवाल्या काकांना पुन्हा विचारा. तिघांचं उत्तर जुळलं तरच ती गाडी खरी.

याउलट एक गाडी फार उपयोगाची असते, मुक्कामी गाडी. संध्याकाळी तालुक्याहून निघते, रात्री शेवटच्या गावात थांबते आणि भल्या सकाळी परत फिरते. चालक-वाहक त्याच गावात झोपतात. त्यांची सोय ग्रामपंचायतीनं किंवा गावकऱ्यांनी केलेली असते, त्यामुळे गावात पाहुण्याला कुठं टेकता येतं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. वाहकाला "दादा, या गावात रात्री थांबायची सोय कोणाकडं होईल?" एवढं विचारलं की तो सरपंचाचं किंवा पोलीस पाटलाचं घर दाखवतो.

खर्चाचं एक सांगते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मुलींना दूरच्या स्वस्त खोलीत राहून रोज जाऊन-येऊन करणंही परवडतं. मुलांसाठी, सलग चार किंवा सात दिवस फिरायचं असेल तर 'आवडेल तेथे प्रवास' पास आहे. पास काढण्याआधी आपल्या मार्गाचं साधं भाडं जोडून पाहा. दोन-तीन तालुक्यांतच फिरणार असाल तर सुटी तिकिटंच स्वस्त पडतात.

बाजाराच्या दिवशी काळी-पिवळी जीपगाड्या दिवसभर धावतात. गाव गाठायला तो दिवस चांगला, पण बाजार उठल्यावर त्याही थांबतात.

३. झोपायच्या जागा कोणकोणत्या

विदर्भात विद्यार्थ्याला सगळ्यांत मोठा आधार देवस्थानांचा आणि आश्रमांचा आहे.

शेगावच्या गजानन महाराज संस्थानाची भक्तनिवासं स्वच्छतेसाठी आणि शिस्तीसाठी नावाजलेली आहेत. दुपारचा महाप्रसादही असतो. गुरुवार, एकादशी, रामनवमी, माघ वद्य सप्तमीचा प्रकट दिन आणि ऋषिपंचमी हे दिवस टाळा, खोलीची आशाच धरू नका. इतर दिवशी सकाळी लवकर रांगेत उभं राहावं. कारंजा लाडला नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानी गुरुमंदिराकडे यात्रेकरूंची सोय होते. गुरुकुंज मोझरीचा तुकडोजी महाराजांचा आश्रम नागपूर-अमरावती महामार्गावरच आहे, तिथं दिवाळीच्या तोंडावर पुण्यतिथीचा मोठा महोत्सव भरतो, तेवढे दिवस सोडून जा.

संस्थानांत एक अडचण येते आणि ती आधीच माहीत असलेली बरी: एकट्या माणसाला खोली द्यायला पुष्कळ ठिकाणी नकार मिळतो. हा तुमच्यावरचा अविश्वास नसतो, तो त्यांचा नियम असतो. वाद घालू नका. "सामूहिक हॉलमध्ये जागा मिळेल का?" असं विचारा. हॉल आणखी स्वस्त असतो, गादी-चादर मिळते, सामानाला लॉकर आहे का तेवढं पाहून घ्या. अनामत रक्कम घेतात, तिची पावती जपून ठेवा, कारण परत मिळताना तीच मागतात. दारू-तंबाखू, मांसाहार, रात्री उशिरा येणं यातलं काहीच चालत नाही. ज्याला हे जमणार नसेल त्यानं लॉज बघावा, देवस्थानाच्या सोयीचा गैरफायदा घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. एका टोळक्यानं केलेल्या गोंधळामुळे पुढची कित्येक वर्षं "कॉलेजची पोरं नकोत" हा शेरा सगळ्यांच्या कपाळी बसतो.

सेवाग्रामला आश्रमासमोर यात्री निवास आहे, राहणं-खाणं साधं. गांधीजी इथं १९३६ मध्ये राहायला आले तेव्हा गावाचं नाव सेगाव होतं. टपाल शेगावला जाऊ लागलं म्हणून १९४० साली सेवाग्राम हे नाव पडलं. इथं मुक्काम केला की पहाटेची प्रार्थना, बापूकुटी आणि धाम नदीकाठचा पवनारचा विनोबांचा आश्रम एका दिवसात निवांत पाहून होतो. पहिल्या प्रवासाला कुठं जाऊ असं मला कुणी विचारलं तर मी सेवाग्रामच सांगते.

वरोऱ्याचं आनंदवन आणि भामरागडजवळचा हेमलकशाचा लोक बिरादरी प्रकल्प यांच्याबद्दल मात्र थोडं थांबून लिहायला हवं. तिथं लोक राहतात, उपचार घेतात, मुलं शिकतात. स्वस्त खोली म्हणून त्यांच्याकडे पाहू नये. आधी पत्र किंवा ईमेल पाठवून, येण्याचं कारण आणि किती जण ते कळवून, होकार आल्यावरच जावं. काम करत राहायची इच्छा असेल तर मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात सोमनाथला होणारी श्रमसंस्कार छावणी तरुणांसाठीच असते. तिथल्या उन्हात सकाळी श्रमदान करून दुपारी ऐकलेली व्याख्यानं विसरली जात नाहीत.

सरकारी जागांमध्ये सार्वजनिक बांधकाम विभागाची विश्रामगृहं तालुक्याच्या बहुतेक गावांत आहेत. लोक त्याला रेस्ट हाऊसच म्हणतात. अर्ज उपविभागाच्या कार्यालयात करायचा, सोबत कॉलेजचं पत्र. पहिला हक्क दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांचा, त्यामुळे ऐन संध्याकाळी खोली रिकामी करायला सांगू शकतात. म्हणून दुसरी जागा हाताशी हवीच. मेळघाटात सेमाडोहला व्याघ्र प्रकल्पाच्या पर्यटन संकुलात सामूहिक शयनगृह आहे, कॉलेजच्या गटाला ते सोयीचं. ताडोब्याला खोलीपेक्षा सफारीचाच खर्च मोठा असतो, त्यामुळे तिथं खोलीवर वाचवलेल्या पैशांनी फारसा फरक पडत नाही. जायचंच तर मंगळवार सोडून, आणि गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं हे लक्षात ठेवून.

रेल्वेच्या मोठ्या स्थानकांवर रिटायरिंग रूम असतात. आरक्षित तिकिटाच्या पीएनआरवर त्या ऑनलाइन मिळतात. रात्री दोनला उतरणार असाल तर लॉज शोधत फिरण्यापेक्षा हेच बरं.

वीस-पंचवीसांचा गट असेल तर मंगल कार्यालय विचारा. लग्नसराई नसताना मालक हॉल, पंखे आणि पाण्यासह थोडक्या पैशांत देतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत राहायचं असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती दोघांचा होकार लागतो. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं अशाच जागांत होतात, त्यामुळे आपल्या कॉलेजच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे गावोगावच्या माणसांचे फोन नंबर असतात. त्यांनाच आधी गाठा.

मित्राच्या सरकारी वसतिगृहात चोरून झोपायला जाऊ नका. तपासणीत सापडलात तर तुम्ही निघून जाल, प्रवेश त्याचा रद्द होईल.

४. फोन कसा करावा

निघण्याआधी दोन दिवस फोन करा, सकाळी अकराच्या सुमारास. पहिल्याच वाक्यात कोण, कुठून, किती जण आणि किती रात्री हे सांगून टाका. मी असं बोलते: "नमस्कार काकाजी, मी अमरावतीहून बोलते, कॉलेजची विद्यार्थिनी आहे. शुक्रवारी सांजच्याला आम्ही तिघी मुली येतो, एकच रात्र राहायचं आहे. कॉलेजचं पत्र आणि आधार कार्ड सोबत आहे. सोय होईल का, आणि काय द्यावं लागेल?" पैशाचं शेवटी पण स्पष्ट विचारावं. "बघू ना, या तुम्ही" हे उत्तर आलं तर होकार समजू नका. निघायच्या सकाळी पुन्हा फोन करा.

कॉलेजचं पत्र लेटरहेडवर, शिक्क्यासह घ्या. त्यात सगळ्यांची नावं, कामाचं कारण, तारखा आणि एका प्राध्यापकांचा फोन नंबर असावा. चार प्रती ठेवा. विश्रामगृह, शाळा, पोलीस पाटील, सगळीकडे ही प्रत लागते.

५. लॉजवर गेलात तर

बसस्थानकासमोरचा लॉज हा पुष्कळदा एकच पर्याय उरतो. दर विचारताना "दोघांचा की खोलीचा, आणि सगळं धरून किती?" असं विचारा. सहाशेची खोली तिघांनी घेतली तर माणशी दोनशे पडतात, पण तिसऱ्या माणसाचे आणि जादा गादीचे पैसे वेगळे लावले तर तो हिशेब मोडतो. चेकआउट चोवीस तासांचं आहे की दुपारी बाराचं, हेही आधी विचारा. रात्री दहाला पोहोचून बाराच्या चेकआउटला पूर्ण दिवसाचं भाडं द्यावं लागतं.

पैसे द्यायच्या आधी खोली पाहा. आतली कडी बसते का, खिडकीला जाळी आहे का, नळाला पाणी आहे का. कॉमन संडास-बाथरूमची खोली स्वस्त मिळते, मुलांना ती चालून जाते. मुलींनी अटॅच खोलीसाठी थोडे जास्त द्यावेत, तिथं काटकसर करू नये. खोली पहिल्या मजल्यावर, जिन्याजवळ घ्यावी. दार आतून बंद केल्यावर खुर्ची टेकवून ठेवते मी अजूनही. लॉजच्या व्यवस्थापकाचं वागणं खटकलं तर कारण शोधत बसू नका, दुसरीकडे जा. अडचण आली तर ११२ वर फोन करा. आणि कुठं उतरलोय ते घरी रोज रात्री कळवा, खोली क्रमांकासह.

आधारची झेरॉक्स देताना मास्क्ड आधार द्या, ज्यात शेवटचे चारच अंक दिसतात. मूळ ओळखपत्र कुणाकडेही ठेवायला देऊ नका.

परीक्षेला किंवा भरतीला जाणाऱ्यांनी हॉल तिकीट आल्या दिवशीच फोन फिरवायला सुरुवात करावी, कारण त्या रात्री गावातले सगळे लॉज एकदम भरतात. त्या गावच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या एखाद्या मुलाची ओळख काढा. जवळपास कोण एक रात्रीसाठी खोली देतं, पहाटे कुठली खानावळ उघडी असते, हे त्याला पाठ असतं. खानावळींबद्दल आणखी एक: रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात. त्या दिवशीचं जेवण आधीच बघून ठेवा.

६. ऋतू बघा

उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा पंख्याची खोली स्वस्त म्हणून घेऊ नका, रात्रभर झोप लागत नाही. कूलर चालू करून पाहा आणि त्यात पाणी भरलेलं आहे का तेही. दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका, म्हणजे खोली दुपारीही ताब्यात हवी हे हिशेबात धरा.

पावसाळ्यात भामरागडला जाणाऱ्यांनी पर्लकोटा नदीचं पाणी विचारूनच आलापल्ली सोडावी. पूल पाण्याखाली गेला की गाव तुटतं आणि एका रात्रीचा मुक्काम तीन-चार रात्रींचा होतो. त्या भागात आणि मेळघाटात मच्छरदाणी सोबत असलीच पाहिजे, हिवतापाचा भाग आहे. पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकू नका. मण्यार साप रात्री घरात येतो आणि झोपलेल्या माणसाला चावतो, चावल्याचं कित्येकदा कळतही नाही. घरातल्या माणसांना "बाज मिळेल का?" असं विचारायला लाजू नका, आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. काही चावल्याची नुसती शंका आली तरी मांत्रिकाकडे न जाता थेट सरकारी दवाखाना.

हिवाळा फिरायला उत्तम. पण झाडीपट्टीत, म्हणजे वडसा, ब्रह्मपुरी, साकोलीकडे, दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात, नाटकं रात्रभर चालतात आणि घरोघर पाहुणे असतात. लॉज मिळणं अवघड जातं. अशा रात्री मी एकदा खोलीचा नादच सोडला आणि पहाटेपर्यंत मंडपात बसून नाटक पाहिलं, शेजारच्या काकूंनी अर्धी घोंगडी माझ्या अंगावर घातली होती. सोबत कुणी असेल तर तुम्हीही तसं करू शकता.

७. कुणाच्या घरी राहिलात तर

गावात पोहोचल्याबरोबर पोलीस पाटलांना आपलं नाव आणि कॉलेज सांगून ठेवा. ज्या घरी उतरलात तिथं आधी घरच्या बाईशी बोला. राबायचं तिलाच असतं. सांज पडायच्या आत पोहोचा, म्हणजे तिला चूल दुसऱ्यांदा पेटवावी लागत नाही. पाणी लांबून आणावं लागत असेल तर आंघोळ अर्ध्या बादलीत करा. शौचालय कुठं आहे हे उजेडातच विचारून घ्या.

पैसे हातावर ठेवू नका, लोकांना ते लागतं. जाताना तालुक्याहून साखर, चहापत्ती, भाजी, मुलांसाठी वह्या न्या. घरात परीक्षेला बसणारं पोर असेल तर त्याच्या अर्जाचं, शिष्यवृत्तीचं काय झालं ते विचारा, मोबाइलवर भरून द्या. तुमच्या शिक्षणाचा त्या घराला तेवढा तरी उपयोग व्हावा. फोटो विचारून काढा.

८. पिशवीत काय हवं

चादर, पातळ टॉवेल, मच्छरदाणी, टॉर्च, कुलूप, पाण्याची मोठी बाटली, ओआरएसची पाकिटं, पॉवर बँक. रोख पैसे दोन ठिकाणी वाटून ठेवा. मेळघाटातल्या आणि गडचिरोलीच्या आतल्या गावांत नेटवर्क नसतं, तिथं फोनवरून पैसे जात नाहीत आणि एटीएम मागं धारणीला किंवा आलापल्लीलाच राहिलेलं असतं. सुटे पैसे ठेवा, पाचशेची नोट गावच्या दुकानात मोडत नाही. महत्त्वाचे फोन नंबर कागदावरही लिहा.

आणि मुक्कामी गाडीनं परतणार असाल तर रात्रीच वाहकाला सांगून ठेवा की सकाळी अमक्या घरून इतके जण येणार आहेत. निघायच्या आधी चालक दोनदा हॉर्न वाजवतो. घरातली माणसं तुमच्या आधी उठलेली असतात, चहा चुलीवर असतो. तो पिऊनच निघा, सांगून ठेवलं असेल तर गाडी तेवढं थांबते.